हे खरे आहे काय?



वसंतातल्या व्याख्यानाला उभे राहणाऱ्या माणसाला दोन गोष्टींची धास्ती असते. एक उकाड्याची आणि दुसरी व्याख्यान संपल्यानंतर येणाऱ्या प्रश्नांची. उकाडा आपल्या सर्वांच्या वाट्याला सारखाच येतो. प्रश्न मात्र एकट्या वक्त्याच्या वाट्याला येतात. पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. आजचा माझा विषयच मुळी प्रश्न हा आहे. आपण निवडून दिलेले प्रतिनिधी विधिमंडळात व संसदेत मंत्र्यांना जे प्रश्न विचारतात, त्यांचे मोल काय, ते प्रश्न फुकट कसे जातात आणि ते फुकट जाऊ नयेत म्हणून तुम्ही-आम्ही काय करावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. त्या वेळी श्रोता वक्त्याला प्रश्न विचारू शकत होता. पण कौन्सिलात बसलेला सभासद सरकारला प्रश्न विचारू शकत नव्हता. तो अधिकार आला १८९२ च्या कायद्याने, आणि तोही अगदी हात आखडून दिलेला. आगाऊ सूचना देऊन प्रश्न विचारावा, सरकारने उत्तर वाचावे आणि सभासदाने खाली बसावे. उत्तरावर पुन्हा प्रश्न नाही की चर्चा नाही. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्न विचारणाऱ्याला उपप्रश्नाची मुभा मिळाली. १९१९ च्या कायद्यानंतर ती इतर सभासदांनाही मिळाली. म्हणजे एक साधा उपप्रश्न पदरात पडायला या देशाला सत्तावीस वर्षे लागली. आज जो अधिकार आपल्याला नळाच्या पाण्यासारखा वाटतो, त्याची विहीर अशी हाताने खणलेली आहे.

त्या व्हाइसरॉयच्या कौन्सिलात पहिला प्रश्न विचारला गेला तो १८९३ च्या फेब्रुवारीत. विचारणारे होते भिंग्याचे राजे. आता राजा म्हटल्यावर आपल्याला वाटेल की प्रश्न मानमरातबाचा किंवा तोफांच्या सलामीचा असेल. तसा तो नव्हता. सरकारी अधिकारी दौऱ्यावर जात, गावाबाहेर त्यांची छावणी पडे आणि त्या छावणीला रसद पुरवताना गावोगावच्या दुकानदारांचे हाल होत. त्या हालांविषयी तो प्रश्न होता. म्हणजे पहिल्याच प्रश्नाने साम्राज्याच्या दारात उभे केले ते खेड्यातल्या वाण्याला! संसदीय प्रश्नाचे खरे काम मला त्यात दिसते. ज्याला मंत्र्यापर्यंत जाता येत नाही, त्याचे गाऱ्हाणे मंत्र्याच्या तोंडासमोर नेऊन ठेवणे आणि मंत्र्याला त्यावर सर्वांच्या देखत बोलायला लावणे, हे ते काम.

आपल्या घटनेने हे नाते स्पष्ट करून ठेवले आहे. केंद्राचे मंत्रिमंडळ लोकसभेला आणि राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते. जबाबदार या शब्दातच जबाब आहे. ज्याला जबाब द्यावा लागतो तो जबाबदार. जबाब विचारणारेच जर कोणी नसेल, तर मागे उरते ती नुसती अधिकाराची खुर्ची.

आता या प्रश्नांची रीत थोडक्यात सांगतो. ज्या प्रश्नाचे उत्तर सभागृहात तोंडी हवे, त्यावर तारा काढलेला असतो. तो तारांकित प्रश्न. त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते, तेथे उपप्रश्न नाही. लोकसभेच्या एका दिवसाच्या यादीत वीस तारांकित प्रश्न असतात. वेळ एक तासाचा. त्यामुळे वीसांपैकी थोड्यांचीच तोंडी उत्तरे होतात, बाकीची कागदावर राहतात. याखेरीज लक्षवेधी सूचना आहे, अर्ध्या तासाची चर्चा आहे, अंदाजपत्रकावरची कपात सूचना आहे. पण या साऱ्या हत्यारांत प्रश्न हेच सर्वांत लहान आणि सर्वांत धारदार.

महाराष्ट्र विधिमंडळाच्या छापील याद्या आपल्यापैकी फार थोड्यांनी चाळल्या असतील. अवश्य चाळा. मुंबईच्या अधिवेशनाच्या असोत की नागपूरच्या, प्रश्नाचा साचा ठरलेला. सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, अशी सुरुवात. मग पहिला भाग: अमुक गावी अमुक घडले, हे खरे आहे काय? दुसरा: असल्यास, चौकशी केली आहे काय? तिसरा: चौकशीनुसार काय कारवाई केली? आणि शेवटचा: नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तरांचाही साचा ठरलेला. हे खरे आहे. हे अंशतः खरे आहे. हे खरे नाही. आणि एकदा 'हे खरे नाही' असे म्हटले की पुढच्या सर्व भागांना मिळून एकच उत्तर, 'प्रश्न उद्भवत नाही.'

या तीन शब्दांशी माझी जुनी ओळख आहे. ती कशी झाली ते सांगतो, कारण त्यात चूक दुसऱ्या कोणाइतकीच माझीही होती.

मी तेव्हा एका डोंगराळ तालुक्यातील खेड्यात शिक्षक होतो. भातकापणीचे दिवस होते. माझ्या वर्गातला एक मुलगा संध्याकाळी बापाबरोबर शेतावर गेला असता त्याला साप चावला. लोकांनी त्याला झोळीत घालून प्राथमिक आरोग्य केंद्रात आणले. डॉक्टर मुक्कामी नव्हते. परिचारिका बिचारी धावत आली. पण ज्या फ्रीजमध्ये इंजेक्शने ठेवलेली, त्याची किल्ली ज्याच्याजवळ तो मनुष्य तालुक्याला गेलेला. शेवटी जीप मिळवून मुलाला जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. पोहोचायला फार उशीर झाला होता.

गाव संतापले. आमच्या भागाचे आमदार भेटायला आले, तेव्हा मी त्यांना म्हणालो, "आपण विधानसभेत प्रश्न विचारा." ते म्हणाले, "मास्तर, मसुदा तुम्हीच करून द्या." मी मोठ्या आवेशाने लिहून दिले: अमुक केंद्रात सर्पदंशावरील लस उपलब्ध नसल्याने एका विद्यार्थ्याचा मृत्यू झाला, हे खरे आहे काय?

चौदा महिन्यांनी उत्तर छापून आले. हे खरे नाही. सदर केंद्रात लसीचा पुरेसा साठा उपलब्ध होता. पुढील भागांबाबत प्रश्न उद्भवत नाही.

मला प्रथम वाटले, केवढे हे असत्य! मग सावकाश लक्षात आले की अक्षरशः पाहता ते उत्तर बरोबर होते. लस होती. नव्हती ती किल्ली आणि नव्हता तो मनुष्य. मी जे विचारले त्याचे उत्तर मिळाले. जे विचारायला हवे होते ते मी विचारलेच नव्हते. मुलाच्या वडिलांना तो कागद मी वाचून दाखवला. ते म्हणाले, "मास्तर, म्हणजे आमचं पोर गेलंच न्हाई असं लिवलंय का?" त्या माउलीसारख्या माणसाला मी काय सांगणार? आजही मला त्याचे उत्तर देता येत नाही.

या उत्तराचा प्रवास कसा झाला असेल, याचा मी पुढे शोध घेतला. प्रश्न विधिमंडळाच्या सचिवालयातून मंत्रालयातल्या खात्याकडे जातो, तेथून वरिष्ठ कार्यालयाकडे, तेथून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला आणि शेवटी ज्या केंद्राविषयी तक्रार आहे त्याच केंद्रातल्या टेबलावर येऊन पडतो. तेथला मनुष्य नोंदवही पाहून चार ओळी लिहितो. त्या ओळी त्याच वाटेने वर चढतात; प्रत्येक पायरीवर त्यांना थोडे इस्त्रीचे काम होते आणि शेवटी त्या मंत्र्याच्या मुखातून सभागृहात बाहेर पडतात. म्हणजे आरोपीनेच लिहिलेला निकाल न्यायाधीशाने वाचावा, तसा हा प्रकार. मंत्री खोटे बोलतो असे मी म्हणत नाही. तो बहुधा खालून आलेले वाचतो, आणि अडलाच तर अधिकाऱ्यांच्या दीर्घेतून येणाऱ्या चिठ्ठीकडे पाहतो.

मग यावर उपाय काय? उपाय एकच, उपप्रश्न. मूळ प्रश्नाचे उत्तर कार्यालय देते. उपप्रश्नाचे उत्तर मंत्र्याला स्वतः द्यावे लागते. पण उपप्रश्न विचारणाऱ्याजवळ वस्तुस्थिती हवी. नुसता संताप असून भागत नाही. दुसऱ्या खेपेला आम्ही असेच केले. त्या रात्री मुक्कामी राहण्याचे कर्तव्य कोणाचे होते, हजेरीपटावर सही कोणाची आहे, फ्रीजची किल्ली रात्री कोठे असते, एवढेच विचारले. या वेळी उत्तर आले: हे अंशतः खरे आहे. पाठोपाठ हुकूम निघाला की किल्ली केंद्रातच ठेवावी आणि रात्रपाळीच्या माणसाचे नाव दारावरच्या फळ्यावर लिहावे. फळा लागला. मुलगा परत आला नाही. तरी त्यानंतरच्या पावसाळ्यात त्याच केंद्रात सर्पदंशाचे रोगी वाचले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

ही झाली खेड्यातली गोष्ट. हेच तत्त्व दिल्लीच्या पातळीवरही कसे चालते ते पाहा. १९५६ साली आयुर्विमा व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण होऊन आयुर्विमा महामंडळ जन्माला आले. पुढच्याच वर्षी जूनमध्ये या महामंडळाने हरिदास मुंद्रा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग खरेदी केले. पैसा कोणाचा? हप्ता भरणाऱ्या कारकुनाचा, शिक्षकाचा, विधवेचा. सप्टेंबरात लोकसभेत प्रश्न आला, तेव्हा मिळालेले उत्तर गुळगुळीत होते. प्रश्नकर्ते थांबले नाहीत. वर्षाअखेर पुन्हा प्रश्न आले आणि डिसेंबरात फिरोझ गांधींनी सारे प्रकरण आकड्यांनिशी सभागृहापुढे मांडले. १९५८ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. त्याची सुनावणी मुंबईत उघडपणे झाली. ऐकायला लोकांची रीघ लागली. फेब्रुवारीत अहवाल आला, आणि आपल्या खात्याच्या सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला झटकता येत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.

यात मला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. फिरोझ गांधी सत्ताधारी पक्षाचे सभासद होते. पंतप्रधानांचे जावई होते. तरी त्यांनी विचारले. प्रश्न विचारणे हे विरोधी बाकांचेच काम आहे, हा समज चुकीचा आहे. मंत्री नसलेला प्रत्येक सभासद, मग तो कोणत्याही बाजूला बसो, लोकांच्या वतीने विचारण्यासाठीच तेथे बसलेला असतो.

आता नाण्याची दुसरी बाजू. ज्या प्रश्नाला किंमत असते, त्याचा बाजारही होऊ शकतो. १९५१ साली हंगामी संसदेतील मुंबईचे एक सभासद ह. गो. मुदगल यांच्यावर मुंबईच्या सराफांच्या संघटनेकडून पैसे घेऊन प्रश्न विचारल्याचा ठपका आला. संसदेच्या समितीने चौकशी केली आणि त्यांच्या हकालपट्टीचा ठराव खुद्द नेहरूंनी मांडला. २००५ च्या डिसेंबरात पुन्हा तेच घडले, आणि दोन्ही सभागृहांनी मिळून अकरा खासदारांना घालवून दिले. विकलेला प्रश्न हा न विचारलेल्या प्रश्नाहून वाईट, कारण तो लोकांच्या नावावर विकला जातो. तेव्हा आपल्या प्रतिनिधीने किती प्रश्न विचारले एवढेच मोजू नका. कोणासाठी विचारले तेही पाहा.

दुसरा धोका आश्वासनांचा. 'माहिती घेण्यात येत आहे', 'लवकरच कारवाई करण्यात येईल', ही उत्तरे ऐकून सभागृह समाधानाने पुढे सरकते आणि आश्वासन तेथेच वाळून जाते. हे ओळखून १९५३ साली, मावळंकर अध्यक्ष असताना, लोकसभेत शासकीय आश्वासनांची समिती नेमली गेली. हे दादासाहेब मावळंकर मूळ रत्नागिरीकडच्या घराण्यातले. आश्वासन सामान्यतः तीन महिन्यांत पुरे व्हावे, असा तेथे दंडक आहे. आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. समित्या आहेत, पण ज्याला आश्वासन मिळाले त्याने ते लक्षात ठेवले नाही, तर समिती तरी एकटी काय करील?

आणि तिसरा धोका प्रश्नांचा तासच नाहीसा होण्याचा. गोंधळात तो वाहून जाणे तर नित्याचेच झाले आहे. २०२० च्या सप्टेंबरात साथीच्या कारणाने संसदेच्या अधिवेशनात प्रश्नोत्तरांचा तास ठेवलाच गेला नाही. लेखी उत्तरे तेवढी राहिली. साथ भयंकर होती हे मान्य. पण ज्या दिवसांत रुग्णालयात खाट आणि प्राणवायू यांचीच चिंता होती, त्या दिवसांतच उपप्रश्नांची सर्वांत जास्त गरज होती, असे मला वाटते. आग लागलेली असताना बंबवाल्याला जाब विचारू नये, पण बंबात पाणी आहे की नाही एवढे तरी विचारले पाहिजे.

श्रोतेहो, शेवटी आपल्याकडे वळतो. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात एक सुंदर वाक्य होते. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही नागरिकाला नाकारली जाणार नाही, अशा आशयाचे ते होते. २०२३ मध्ये झालेल्या विदासंरक्षणाच्या कायद्याने ते कलम बदलले आणि ते वाक्य गळाले. वाक्य गेले, पण त्यातला विचार आपण जाऊ देऊ नये. आमदार आणि नागरिक हे एकाच प्रश्नाचे दोन भागीदार आहेत. त्याच्याजवळ विचारण्याचा अधिकार आहे, आपल्याजवळ वस्तुस्थिती आहे. तारीख, वेळ, नाव, नोंदवहीचे पान, हे आपण पुरवायचे. उत्तर छापून आले की ते वाचायचे, आणि 'हे खरे नाही' असे असेल तर आपण नेमके काय विचारले होते, ते आधी पडताळून पाहायचे.

मी ते त्या वेळी केले असते, तर चौदा महिने वाचले असते. तेवढ्या काळात त्या दवाखान्याच्या दाराशी आणखी कोण कोण रात्री येऊन उभे राहिले असेल, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. माझ्यापुरता तरी तो उद्भवतो.

 आता आपले प्रश्न येऊ द्यात. उपप्रश्नांनाही माझी हरकत नाही.