आधी माप, मग चित्र

शिरूरला किंवा दौंडला घर बांधायला काढणारा माणूस हल्ली नकाशाबरोबर थ्रीडीही मागतो. या मागणीत दोन कामे असतात. पहिले मॉडेलिंग, म्हणजे भिंती, स्लॅब, जिना, छज्जे यांना लांबी-रुंदी-उंची देऊन संगणकात घर उभे करणे. दुसरे रेंडरिंग, म्हणजे त्या घरावर ऊन-सावली, रंग, काच कशी दिसेल ते गणिताने काढून चित्र तयार करणे. शिकणाऱ्यांचा ओढा दुसऱ्याकडे असतो. उपयोग पहिल्याचा अधिक.

सॉफ्टवेअर कोणते, याचा फार खल करण्यात अर्थ नाही. स्केचअप हाताला लवकर बसते. ब्लेंडर २००२ पासून खुले आणि मोफत आहे. रेव्हिटमधल्या भिंतीला स्वतःची जाडी आणि थर ठाऊक असतात, त्यामुळे विटा-गिलाव्याचा हिशेबही त्यातून निघतो.

मॉडेलिंगची खरी परीक्षा जिन्यात होते. दोन मजल्यांत दहा फूट अंतर असेल, तर अठरा उठावांत प्रत्येक उठाव, म्हणजे पायरीची उंची, पावणेसात इंचांहून किंचित कमी येतो. मधले लँडिंग पाच फुटांवर. त्याच्या स्लॅबची जाडी अर्धा फूट धरली, तर खाली उरतात साडेचार फूट. नकाशावर त्याच जागी मागचा दरवाजा सुखाने बसलेला असतो; मॉडेलमध्ये माणूस उभा केला की त्याचे डोके स्लॅबमध्ये घुसते. ही चूक संगणकावर पुसता येते, सेंट्रिंग लागल्यावर नाही.

दुसरी महत्त्वाची गोष्ट कॉम्पोनंट, म्हणजे एकदा घडवून अनेक जागी वापरायचा भाग. याच्या सरावाला दांड्यांच्या त्रिकोणांचा भूमितीय (जिओडेसिक) घुमट उत्तम. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली स्थापन केलेला विज्ञान आश्रम अशा घुमटांसाठी ओळखला जातो. या घुमटाच्या एका सोप्या प्रकारात, वीस फूट व्यासाच्या अर्धगोलाला पासष्ट दांडे लागतात, पण लांब्या फक्त दोन : सुमारे सहा फूट दोन इंचांचे पस्तीस आणि पाच फूट साडेपाच इंचांचे तीस. दोन कॉम्पोनंट घडवले की सगळा सांगाडा उभा राहतो, आणि एकाची जाडी बदलली की त्या जातीचे सगळे दांडे बदलतात. खिडक्या, ग्रिल, गच्चीचा कठडा यांचेही तसेच.

मग ऊन. दौंड साडेअठरा अंश उत्तर अक्षांशाजवळ आहे, शिरूर त्याच्या थोडे वर. मेच्या मध्याला दुपारचा सूर्य इथे थेट डोक्यावर येतो, जूनअखेरीस पाचेक अंश उत्तरेला कलतो आणि डिसेंबरअखेरीस दक्षिणेला क्षितिजापासून अठ्ठेचाळीस अंशांपर्यंत उतरतो. दक्षिणेच्या खिडकीला वर लागूनच दोन फुटांचा छज्जा असेल, तर डिसेंबरच्या त्या दिवसांत भर दुपारी वरची सव्वादोन फूट उंची सावलीत राहते आणि खालच्या भागातून ऊन आत येते. पश्चिमेला मात्र छज्जा अपुरा. मावळतीच्या तिरप्या उन्हाला उभी जाळीच अडवते. हे सारे मॉडेलमध्ये दिसते, पण त्याला गाव आणि उत्तर दिशा सांगितली तरच. स्केचअपचा जन्म कोलोराडोतल्या बोल्डरचा, चाळीस अंश अक्षांशावरचा. तिथला डिसेंबरचा सूर्य दुपारीही साडेसव्वीस अंशांच्या वर चढत नाही. गाव न सांगितल्याने ती सावली दौंडच्या घरावर पडली तर चित्र देखणे होईल, पण खोटे.

रेंडरिंगमध्ये प्रकाशकिरण उलटे, कॅमेऱ्याकडून वस्तूकडे आणि तिथून दिव्याकडे, शोधले जातात. टर्नर व्हिटेड यांनी १९८० साली पुढे नेलेली ही रीत आजही पायाभूत आहे. चित्राची लांबी-रुंदी दुप्पट केली की ठिपके चौपट होतात, वेळही साधारण तितकाच वाढतो. म्हणून आधी लहान, खरखरीत चित्रावर प्रकाश जमवावा. भिंतीला शंभर टक्के पांढरा रंग देऊ नये. चुन्याची भिंतही सगळा प्रकाश परतवत नाही. कॅमेरा डोळ्याच्या उंचीवर, पाच फुटांच्या आसपास ठेवावा. फार रुंद कोन घेतला की दहा बाय दहाची खोली दिवाणखान्याएवढी भासते, आणि ताबा घेताना मालक ती जागा शोधत बसतो.

गवंड्याच्या हाती हे चित्र देऊन भागत नाही. त्याला लागतात मॉडेलमधूनच काढलेले छेद, ज्यांत जोत्यापासून कठड्यापर्यंत प्रत्येक उंची आकड्यांत लिहिलेली असते.