परंपरेला गेटपास मागा
(वाशी येथे तरुणांपुढे केलेले भाषण)



मी इथलाच. पोटासाठी मुंबईच्या गोदीत माल उपसतो, रात्री कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक. पंडितांसारखं बोलता येत नाय. एकच सवाल घेऊन आलोय. ‘आमच्यात असंच चालत आलंय’ म्हणणाऱ्याला काय विचारायचं?

गोदीत गेटपासशिवाय पोतं बाहेर जात नाय. शेठ केवढाही असो, गेटवर म्हणतात, कागद दाखव. परंपरेकडं असा कागद एकदा मागितला गेला. महाडला.

1924 साली महाड नगरपालिकेनं चवदार तळं अस्पृश्यांना खुलं केलं. ठराव कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारोंना घेऊन गेले, पाणी प्याले. सनातन्यांनी आपली माणसं झोडपली. मग 108 घागरींत शेण, गोमूत्र, दूध, दही घालून मंत्रांच्या गजरात तळं ‘शुद्ध’ केलं. शेणानं शुद्ध होणारं पाणी माणसाच्या ओंजळीनं बाटतं!

तेवढ्यानं भागलं नाय. डिसेंबर 1927 मध्ये ते कोर्टात गेले. म्हणाले, ही अनादी काळापासूनची वहिवाट. तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. बाबासाहेबांनी तळ्यावर जाणं थांबवलं; पण 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली. ठराव मांडला सहस्रबुद्धे यांनी, जन्मानं ब्राह्मण. भांडण पोथीशी होतं.

17 मार्च 1937 ला हायकोर्टाचा निकाल आला: अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही. हजारो वर्षांचा टेंभा मिरवणाऱ्यांकडं गेटपासच नव्हता!

आता आपल्या घरात बघा. 1941 साली याच जिल्ह्यात, कसबे तडवळ्याला, बाबासाहेब महार-मांग वतनदार परिषदेला आले. वतन हीसुद्धा परंपराच. गावाची येसकरकी करा, मेलेली ढोरं ओढा, बदल्यात भाकरतुकडा घ्या. या बेडीलाच आपले काही लोक मान समजून बसले होते. आजही पोराला पोतराज करणारा, जातीबाहेर लग्न केलं म्हणून पोरीला तोडणारा आपल्यातही निघतो. तोही सनातनीच. त्याला निळा झेंडा लपवू शकत नाय.

म्हणून मसणवट्यात आडवा येणारा गावकरी असो की घरातला चुलता, गेटवर थांबवा. विचारा, कुणी ठरवलं? कधी? कुणाच्या फायद्यासाठी? उत्तर नसेल तर माल तिथंच उतरवा. ही ओझी आपल्या पाठीवर फार दिवस राहिली.

जय भीम!