खाली नाही, वर बघा!

आज एका फसलेल्या हुशारीची गोष्ट.

डिसेंबरमधली पहाट. आम्ही सहाजण भीमाशंकरच्या जंगलात, सोबत गावातलेच एक वाटाडे काका. थंडी इतकी की बोलताना तोंडातून वाफ येत होती. वाटेवरच्या मातीत मला एक ठसा दिसला आणि मी ओरडलोच, "बिबट्या!" धडाधड फोटो काढले. काका वाकले, हसले. "नखं दिसतात ना? बिबट्या चालताना नखं आत घेतो. हे गावातलं कुत्रं हाय."

झालं! ग्रुपमध्ये दिवसभर पुरेल एवढा विषय मिळाला.

मग काका म्हणाले, "सगळे खालीच बघताय. जरा वर बघा की." वर फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचा मोठा गोळा होता. शेकरूचं घरटं! शेकरू म्हणजे आपला राज्यप्राणी. हे अभयारण्य 1985 साली झालं, ते मुख्यतः त्याच्यासाठीच. एक शेकरू एकापेक्षा जास्त घरटी बांधतं. त्यामुळे घरटी मोजून शेकरू मोजता येत नाहीत. काका पानं बघायला सांगतात: हिरवी असतील तर घरटं ताजं, सगळी वाळलेली असतील तर जुनं. झाडाखाली अर्धवट कुरतडलेली फळं दिसली, तरी ती माकडाचीही असू शकतात. एका खुणेवर निकाल द्यायचा नाही.

या घरट्यात हिरवी पानं होती. शेकरू बाहेर यावं म्हणून आमच्यातल्या एकाने जोरात टाळ्या वाजवल्या. काका पहिल्यांदाच चिडले. "भल्या पहाटे तुमच्या दाराची कडी कुणी अशी वाजवली तर? आत पिल्लं असली तर?"

सगळे गप्प.

परतताना त्यांनी वाटेवरचं आभाळ दाखवलं. दोन्हीकडच्या फांद्या वर एकमेकींना टेकल्या होत्या. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही, या फांद्यांवरूनच ये-जा करतं. वाट रुंद करायला चार झाडं तोडली, की त्याचा रस्ताच तुटतो. आपल्याला सोयीची रुंद वाट हवी असते, तेव्हा हे कुणाच्या लक्षात येतं?

शेकरू दिसलं नाही. फक्त लांबून त्याचा खडखडाट ऐकू आला. पण एक सांगतो, ते कुत्र्याचे फोटो मी अजून डिलीट केलेले नाहीत. पुढच्या वेळी तोंड उघडण्याआधी बघायला ठेवलेत!

भेटू पुढच्या भागात.