घेरी का येते?
(वर्धापनदिनी मंडळात दिलेले व्याख्यान)



एका वटपौर्णिमेची गोष्ट. उन्हात वडापाशी उभी असलेली एक सूनबाई पांढरीफटक पडली आणि कोसळली. कुणी कांदा आणायला धावले, कुणी तोंडात पाणी घालू लागले. सासूबाई मात्र माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "फेफरे तर नाही ना हो? माहेरच्यांनी लपवलं असेल का?" मिनिटभरात मुलगी शुद्धीवर आली, पण ती शंका मनात राहिली असती, तर तिचा संसार नासला असता. म्हणून आज हा विषय घेतला.

बहुतेक वेळा घेरी साधी असते. उपास, उकाडा, फार वेळ उभे राहणे, भीती, रक्त पाहणे यांमुळे नाडी मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त पायांत साठते आणि मेंदूला क्षणभर अपुरे पडते. आधी मळमळते, घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. आडवे होताच माणूस सावरतो. अशा घेरीत हातपाय दोनचारदा झटकले, तरी ते फेफरेच असे समजू नये. फेफऱ्यात झटके अधिक वेळ चालतात, जीभ चावली जाऊ शकते आणि नंतर बराच वेळ नीट भान येत नाही. वर्गात काही सेकंद टक लावून हरवणारे मूल 'वेंधळे' म्हणून बोलणी खाते. तेही फेफऱ्याचेच एक रूप असू शकते. त्यावर औषध आहे. फेफरे हा आजार आहे, कलंक नव्हे.

रक्त कमी असले की घेरी लवकर येते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षांच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांत रक्तक्षय आढळला. रक्तदाबाच्या गोळ्या घेणारीने अंथरुणातून एकदम उठू नये. इन्सुलिन घेणारीने डॉक्टरांना विचारल्यावाचून उपास करू नये.

मात्र धावताना वा निजल्या जागी शुद्ध गेली, छातीत धडधड किंवा दुखणे झाले, घरात कुणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर दोष हृदयाचा असू शकतो. तेथे दिरंगाई नको.

घेरी आलेल्या माणसाला आडवे निजवा, पाय उंच करा, कपडे सैल करा. कांदा, चप्पल हुंगवू नका. तोंडात पाणी वा चमचा घालू नका. झटके येत असतील तर कुशीवर वळवा. मिनिटा-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही, तर १०८ ला फोन करा.

त्या सूनबाईचे रक्त तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन अवघे आठ निघाले. आता सासूबाई स्वतः तिला लोहाची गोळी देतात आणि आधी जेवायला बसवतात. भगिनींनो, शंकेपेक्षा तपासणी बरी, एवढेच सांगून मी आपली रजा घेते.