कामाचा सूर आणि विसाव्याची शांतता



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी आम्हांला विचारले, "काम करताना कोणाला गाणे लागते आणि कोणाला शांतता लागते, यावर तासभर बोलण्यासारखे आहे तरी काय?" त्यांची शंका अगदीच गैरवाजवी नव्हती. शिंपीदादा यंत्र चालवताना रेडिओ लावतात. परीक्षेला बसलेला मुलगा कानांत गाणी भरून गणिते सोडवतो. हिशेब जुळवणाऱ्या कारकुनाला शेजारच्या टेबलावरची कुजबुजही सोसत नाही. कोणाला पंख्याची घरघर असल्यावाचून झोप लागत नाही, तर कोणाला घड्याळाची टिकटिकही झोपू देत नाही. 'ज्याची त्याची आवड' म्हणून हा प्रश्न निकालात काढता येईल.

परंतु या आवडीच्या प्रश्नाच्या पाठीमागे दुसरा एक प्रश्न उभा आहे. आपल्या कानांवर काय पडावे, हे ठरवतो कोण? डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. नको ते दृश्य आपण क्षणात टाळू शकतो, नको तो आवाज टाळता येत नाही. म्हणून आमच्या मते या विषयात आवडीपेक्षा अधिकाराचा भाग मोठा आहे, आणि तोच आज आपल्यापुढे मांडण्याचा आमचा विचार आहे.

आरंभ आपल्या घरापासून करू. गिरणी गावात येण्यापूर्वी भाकरीचे पीठ घरच्या जात्यावर निघे. पहाटे, घर झोपेत असताना, बाया जात्यावर बसत. दोघी समोरासमोर, एका खुंट्यावर दोघींचे हात. एका हाताने ओढायचे, दुसऱ्या हाताने दाणे वैरायचे आणि तोंडाने ओवी गायची. ही ओवी करमणुकीसाठी आणलेली नव्हती. जात्याचा फेरा आणि ओवीचा चरण एकमेकांना धरून चालत. दोघींचे हात एका लयीत राहिले नाहीत तर जाते जड होते. ती लय ओवी सांभाळी. शिवाय दिवसभर जे कोणाजवळ बोलता येत नसे, ते माहेरचे, सासरचे, लेकीचे, विठोबाचे सारे त्या अंधारात बोलता येई. साने गुरुजींनी अशा ओव्या प्रेमाने जमवल्या आणि 'स्त्रीजीवन' या संग्रहात आपल्यापुढे ठेवल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या टिपल्या. एवढे वाङ्मय ज्या कामाच्या सोबतीने निर्माण झाले, ते काम मात्र कष्टाचे होते, हे विसरता कामा नये. ओवीच्या मोहाने पुन्हा जाते ओढावे, असे कोणत्याही बाईला सांगण्याचा अधिकार आम्हांला नाही.

तीच गोष्ट मोटेवरच्या गाण्याची आणि कापणीच्या वेळच्या भलरीची. कार्ल ब्यूखर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १८९६ साली काम आणि लय यांच्या संबंधावर एक ग्रंथ लिहिला आणि अनेक देशांतील श्रमगीते त्यात एकत्र केली. त्याचे सगळेच सिद्धांत आज मान्य होतील असे नाही. पण एक गोष्ट त्या गीतांवरून दिसते, की या सर्व ठिकाणी सूर काम करणाऱ्याच्याच गळ्यातून निघत असे. हात थकला की गाणे संथ होई, आणि घोटभर पाण्यासाठी थांबावे वाटले तर गाणेही थांबे. सुराची दोरी श्रमणाऱ्याच्या हातांत होती.

यंत्र आले आणि ही दोरी सुटली. कापडाच्या गिरणीत साच्यांचा खडखडाट इतका, की शेजारच्या माणसाशी खुणांनी बोलावे लागे; तेथे गाणार कोण आणि ऐकणार कोण? शिवाय कामाची गती आता माणूस ठरवीत नव्हता, पट्टा आणि चाक ठरवीत होते. कारखान्यांत पुढे संगीत परत आले खरे, परंतु ते कामगाराच्या गळ्यातून आले नाही. भिंतीवरच्या कर्ण्यातून आले.

इंग्लंडमध्ये १९३७ साली औद्योगिक आरोग्याच्या संशोधन मंडळाने एकसुरी कामातील थकवा आणि कंटाळा यांवर अहवाल काढला. अशा कामात संगीताने कंटाळा हटतो, असे त्यात दिसून आले. पुढे महायुद्ध पेटले, आणि जून १९४० मध्ये बीबीसीने कारखान्यांसाठी 'म्युझिक व्हाइल यू वर्क' हा कार्यक्रम सुरू केला. तो १९६७ पर्यंत चालला. त्यातील गाणी निवडताना फार सावध राहावे लागे. संथ चालीची नकोत, कारण त्यांनी हात मंदावतो. टाळ्यांचा ठेका असलेले 'डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस' हे लोकप्रिय गाणेही कामाच्या वेळी वर्ज्य ठरले. कारण ते लागले की कामगार हातची अवजारे टाकून टाळ्या वाजवीत!

अमेरिकेत म्युझॅक या कंपनीने याचे शास्त्रच केले. ही कंपनी १९३४ सालची. १५ मिनिटे संगीत, मग १५ मिनिटे शांतता, आणि त्या १५ मिनिटांत गाण्यांची उत्तेजकता हळूहळू चढवत न्यायची, अशी तिची योजना होती. माणसाला कळू न देता त्याची चाल वाढवायची, हा हेतू. ओवी आणि म्युझॅक, दोन्ही कामाच्या सोबतीची गाणी. पण ओवी बाईच्या मागे चाले आणि म्युझॅकच्या मागे माणसाने चालायचे. याच्या उलट उदाहरण क्यूबातील चिरूट कारखान्यांचे आहे. तेथे १८६५ साली एक प्रथा पडली. कामगार तंबाखूची पाने वळत बसलेले असताना उंच जागेवर बसून एक वाचक त्यांना वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या वाचून दाखवी. त्याचा पगार कामगार आपल्या कमाईतून वर्गणी काढून देत आणि पुस्तक कोणते वाचायचे हेही तेच ठरवीत. सत्ताधाऱ्यांना हे इतके खुपले, की पुढल्याच वर्षी त्यांनी त्यावर बंदी घातली. पण प्रथा मेली नाही. आपल्याकडे मलबारातील विडी कामगारही असाच आपला वाचक ठेवीत. हात कामात गुंतलेले आणि मन मोकळे असले, की माणसाला नुसता ठेकाच हवा असतो असे नाही. त्याला विचारही हवा असतो.

हात गुंतलेले आणि मन मोकळे, हे शब्द आम्ही जाणून वापरले. कारण जेथे मनच गुंतलेले असते, तेथला न्याय निराळा आहे. गेल्या पन्नास वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी यावर पुष्कळ प्रयोग केले. आकडे किंवा अक्षरे क्रमाने लक्षात ठेवायला दिली आणि त्याच वेळी कोणी बोलत असले, तर चुका वाढतात. ते बोलणे आपल्याला न कळणाऱ्या भाषेत असले, तरीही वाढतात. सलामे आणि बॅडली यांच्या १९८९ च्या प्रयोगांत शब्द असलेल्या गाण्यांनी केवळ वाद्यसंगीतापेक्षा अधिक अडथळा केला. आणि पर्हॅम व विझर्ड यांनी २०११ साली दाखवले, की क्रम लक्षात ठेवण्याच्या कामात आवडते संगीत आणि नावडते संगीत दोन्ही सारखाच व्यत्यय आणतात. शांततेतच काम उत्तम होते.

हे वाचले तेव्हा आम्हांला आमचीच आठवण झाली. मुद्रिते तपासताना नाट्यगीते लावण्याची आम्हांला वर्षानुवर्षांची सवय. काम किती भराभर होते, असा आमचा समज. एकदा पुस्तक छापून आले आणि एका वाचकाने पत्राने २३ चुका कळवल्या. त्यानंतर आम्ही मुद्रिते नि:शब्द खोलीत तपासू लागलो. वेळ अधिक लागतो आणि कंटाळाही येतो, पण तशी पत्रे येत नाहीत. आपल्याला बरे वाटणे आणि काम बरे होणे या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढा धडा त्यातून आम्ही घेतला.

मग शल्यविशारद शस्त्रक्रियागृहात संगीत लावतात ते चुकीचे काय? १९९४ साली अमेरिकेत अशा ५० शल्यविशारदांवर एक प्रयोग झाला. शस्त्रक्रियेच्या वेळी नव्हे, प्रयोगशाळेत, मोठ्या आकड्यातून वजाबाकी करत जाण्याच्या कामावर. स्वत: निवडलेले संगीत असताना त्यांचे काम अधिक अचूक झाले आणि शरीरावरचा ताण कमी राहिला, प्रयोग करणाऱ्याने निवडलेल्या संगीताने तेवढा लाभ झाला नाही. ते सारे मुळातच संगीताची सवय असलेले होते, हे खरे. म्हणून यावरून सर्वांसाठी नियम काढता येत नाही. पण स्वत:ची निवड ही काही क्षुल्लक बाब नाही, एवढे त्यातून दिसते.

याहूनही बोलका प्रयोग ग्लास आणि सिंगर या अमेरिकन संशोधकांचा आहे. त्यांचे पुस्तक १९७२ साली निघाले. त्यांनी लोकांना काम करताना मध्येच केव्हाही उठणारा कर्कश गोंगाट ऐकवला. काहींना एक कळ दिली आणि सांगितले, "अगदीच असह्य झाले तर ही दाबा, आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका." बहुतेकांनी ती दाबली नाही. म्हणजे गोंगाट दोन्ही गटांनी सारखाच सोसला. पण नंतर शांततेत मुद्रिते तपासायला दिली आणि अवघड कोडी सोडवायला दिली, तेव्हा कळ हाताशी असलेल्यांनी चुका कमी केल्या आणि ते कोड्यांशी अधिक वेळ झुंजले. आवाज तोच, फरक एवढाच, की एकाला तो थांबवता आला असता आणि दुसऱ्याला नाही.

आता विसाव्याकडे वळू. आमची आई शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळून होती. तिला बरे वाटावे म्हणून आम्ही तिच्या उशाशी रेडिओ ठेवला आणि सकाळी भक्तिगीते लावू लागलो. चार दिवस तिने ऐकून घेतले. पाचव्या दिवशी म्हणाली, "बंद कर रे ते. नळाचं पाणी येतंय ते ऐकू दे. सूनबाई उठली, चहा टाकला, सगळं मला इथून कळतं." जिने तरुणपणी जात्यावर मनसोक्त ओव्या गायल्या, तिला आता घर जागे होण्याचा आवाज हवा होता; तेच तिचे संगीत होते. प्रेमानेच का होईना, पण आम्ही तिच्या कानांवर आमची आवड लादली होती.

त्याच दिवसांत आमच्या गल्लीत मंडप पडला. ध्वनिक्षेपकाचा कर्णा नेमका आईच्या खिडकीकडे होता. आम्ही खाली जाऊन विनंती केली. मुले सज्जन होती. "काका, वर्षातून एकदाच असतं हो," असे म्हणून त्यांनी आवाज कमी केला. पाव तासाने तो पूर्ववत झाला. त्या मुलांना आम्ही दोष देत नाही. कळ त्यांच्या हाती होती, त्यामुळे तो आवाज त्यांना आवाज वाटतच नव्हता. आई रात्रभर छताकडे पाहत पडून होती.

याबाबत कायदा मुका नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. हा १० चा फरक लहान समजू नये. डेसिबलच्या मापात १० ने उतरणे म्हणजे ध्वनीची शक्ती एक दशांश होणे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली स्पष्ट सांगितले, की बोलण्याचे स्वातंत्र्य आहे म्हणून इतरांना ऐकण्याची सक्ती करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शांत झोपेसाठी खोलीतील सततचा आवाज ३० डेसिबलच्या आत हवा. आपल्यापैकी कितीजणांना अशी खोली लाभते, हे ज्याने त्याने मनाशी म्हणावे.

यावर कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या कानांत स्वत:चे यंत्र आहे, कळ प्रत्येकाच्या हाती आली, मग तक्रार कसली? सोय मोठी आहे, हे आम्हांला मान्य आहे. पण ते यंत्रही जपून वापरावे लागते. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंतच सुरक्षित मानतात, आणि आवाज वाढवला की हे तास झपाट्याने घटतात. शिवाय बाहेरचा गोंगाट बुडवण्यासाठी आतला आवाज वाढवणे हा काही शांततेचा मार्ग नव्हे. आणि जात्यावर दोघी एकाच ओवीत होत्या. आता एका खोलीत चौघे चार गाण्यांत असतात. ओवी सोबत करी, हे यंत्र एकटे करते.

म्हणून समारोपाला आमची विनंती साधीच आहे. काम हातांचे असेल तर खुशाल गाणे लावावे, पण सोबतच्यांना विचारून. काम अक्षरांचे असेल तर शब्दांचे गाणे बाजूला ठेवून पाहावे आणि चुका मोजाव्यात. आणि आवाज वाढवण्यापूर्वी भिंतीपलीकडे कोण निजले आहे, याचा क्षणभर विचार करावा. तेथे एखादे आजारी माणूस असेल, रात्रपाळी करून आलेला कामगार असेल, उद्याच्या परीक्षेचा विद्यार्थी असेल. त्याच्या हाती कळ नाही. ती आपल्या हाती आहे, हेच आपले उत्तरदायित्व.