विमानातले हवामान आणि मुक्कामी एसटी

हवामानबदलावर काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांचा प्रवास दोन प्रकारचा असतो: लोकांपर्यंत पोहोचण्याचा आणि एकमेकांना भेटण्याचा. हिशेबात दोन्ही ‘प्रवासखर्च’ या एकाच खात्यावर पडतात आणि काटकसरीची वेळ आली की कात्री पहिल्यावर चालते.

2014 मध्ये ग्रीनपीसची जी शोभा झाली ती दुसऱ्या प्रकारच्या प्रवासावरून. जवळच्या अंतराच्या विमानप्रवासाला विरोध करणाऱ्या या संघटनेचा एक संचालक लक्झेंबर्गच्या घरून ॲम्स्टरडॅमच्या कार्यालयात महिन्यातून दोनदा विमानाने ये-जा करत होता. रेल्वेने जाऊन-येऊन बारा तास मोडतात आणि घरी मुले लहान, ही सबब खोटी नव्हती. पण विमान वर चढताना इंधन भरमसाट जळते, म्हणून पल्ला छोटा तितका किलोमीटरमागे धूर जास्त, हे शहाणपण जगाला शिकवणाऱ्यांतच ती संघटना होती. बोभाटा झाल्यावर त्याच संचालकाला रेल्वे जमली. परिषदांचेही तेच: 2023 च्या दुबईतल्या हवामान परिषदेला 80 हजारांहून अधिक माणसे गेली. त्यातल्या किती जणांवाचून वाटाघाटी अडल्या असत्या, हे दरवर्षी बिल्ला गळ्यात घालून फोटो पाठवणाऱ्यांनीच सांगावे.

सेवेच्या प्रवासाला हा न्याय लागत नाही. साथीच्या भागात डॉक्टर वेळेवर पोहोचावाच लागतो. तरीही गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने वेगळी वाट काढली. 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. बालमृत्यू घटल्याचे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. आरोग्यदूत बाळंतिणीच्या घरी पायी जाते, बाळाला झोळीत घालून वजन करते, ताप बघते. जीप धाडायची गरजच कमी होते. हेतू बाळ जगवण्याचा होता, इंधन आपसूक वाचले.

आता संस्थांमधला प्रवासाच्या हिशेबाचा तक्ता. गावपातळीच्या कार्यकर्त्याने दुचाकीच्या मीटरचा फोटो, पेट्रोलची पावती आणि किलोमीटर दरमहा भरून द्यायचे, ही टूम ज्यांनी काढली त्यांचे स्वतःचे विमानाचे तिकीट मात्र ‘क्षमतावृद्धी’ या खात्यावर पडते. पाड्यावरच्या पोरीने तीन लिटर पेट्रोल जाळले तर खुलासा मागायचा आणि दिल्लीच्या दोन तासांच्या चर्चासत्राला विमानाने जायचे, याला पर्यावरणनिष्ठा म्हणत नाहीत, पाटीलकी म्हणतात.

हा कार्यकर्ता दुचाकीवर आला तरी का? बऱ्याच गावांची मुक्कामी एसटी बंद झाली म्हणून. 1 जून 1948 रोजी पुणे–नगर मार्गावर पहिली गाडी धावली; पुढे ती आडगावापर्यंत गेली. मुक्कामी गाडी संध्याकाळी यायची, चालक-वाहक गावातच झोपायचे, पहाटे गाडी निघायची. माणसे रानातून परतल्यावर रात्री बैठक घ्यायची आणि सकाळी तालुका गाठायचा, हे त्या एका गाडीवर जमत असे. संस्थांनी कार्बनच्या कार्यशाळा भरवल्या, पण गाडीसाठी आगारप्रमुखाकडे अर्ज घेऊन किती जणी गेल्या?

नियम करायचा तर वरून खाली करावा लागतो. परिषदेला अनेक संस्थांचा मिळून एक प्रतिनिधी पुरतो. रात्रीच्या रेल्वेने जाता येते तिथे विमानाचे बिल नामंजूर व्हावे, आणि रेल्वेत गेलेला वेळ कामाचा धरावा, रजेतून कापू नये. देणगीदारांच्या अंदाजपत्रकात या वेळेची तरतूद सहसा नसते. ती प्रस्ताव लिहितानाच मागून घ्यावी लागते. गावभेटींना मात्र मर्यादा नको, तक्ताही नको.