बाई बेपत्ता झाली, तर वहीत कोण लिहितं?

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेलं भाषण. ज्या ताईंना त्या दिवशी येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे छापत आहोत.)



विषयपत्रिकेवर तिसरा विषय आहे, 'बेपत्ता महिला व मुली'. अध्यक्षताईंनी मला आधीच बजावलंय, की नुसती कलमं वाचून दाखवू नकोस, बायका जांभया देतील. म्हणून आधी लांबची गोष्ट सांगते. अमेरिका आणि कॅनडा, तिथल्या काळ्या आणि आदिवासी बायकांची. तुम्ही म्हणाल, तिकडच्या बायकांचं आपल्याला काय? थोडं ऐका, मग तुम्हीच सांगा.

अमेरिकेत गोरे लोक जास्त. त्यांच्याबरोबर आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांचे वंशज आहेत, ते कृष्णवर्णीय. आणि गोरे येण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे राहणारे मूळचे आदिवासी आहेत. आता एखादी गोरी, सुंदर, चांगल्या घरची तरुण मुलगी बेपत्ता झाली, की टीव्हीवर दिवसरात्र तिचा फोटो. काळी किंवा आदिवासी मुलगी बेपत्ता झाली, तर बातमीच नाही. ग्वेन आयफिल नावाच्या तिथल्या एक मोठ्या कृष्णवर्णीय पत्रकार होत्या. त्यांनी २००४ साली या प्रकाराला नावच देऊन टाकलं, 'बेपत्ता गोऱ्या बाईचा आजार'. आजार म्हणजे गोऱ्या मुलीचा नव्हे हं, बातमी देणाऱ्यांचा.

बातमीचं एक वेळ सोडा. पोलिसांकडे काय व्हायचं? तिथे १९९६ पासून 'अँबर अलर्ट' नावाची सोय सुरू झाली. लहान मुलाला कुणी पळवलं, की रस्त्यावरच्या पाट्यांवर, रेडिओवर आणि आता तर सगळ्यांच्या मोबाइलवर सूचना वाजते. पण त्यासाठी पोलिसांना पटावं लागतं, की मुलाला पळवलंय. काळ्या घरातली चौदा-पंधरा वर्षांची मुलगी असली, की बऱ्याचदा कागदावर शेरा पडतो, 'स्वतःहून घर सोडून गेली'. हा शेरा पडला की अलर्ट नाही. अलर्ट नाही म्हणजे शोधही ढिला.

'पळून गेली असेल कुणाबरोबर.' हे वाक्य तुम्ही इथे ऐकलंय की नाही? मागे बसलेल्या ताई हसताहेत, म्हणजे ऐकलंय.

मग तिथल्या बायकांनी काय केलं? एकाच कुटुंबातल्या दोघी, डेरिका आणि नॅटली विल्सन. एकीने पोलीस खात्यात काम केलेलं, दुसरीला प्रसिद्धीच्या कामाचा अनुभव. दोघींनी २००८ मध्ये एक संस्था काढली, बेपत्ता झालेल्या काळ्या माणसांची माहिती लोकांपुढे आणायची म्हणून. एकीला पोलिसांचं काम आतून ठाऊक, दुसरीला बातमी कशी छापून येते ते ठाऊक. आपण गटात सचिव आणि कोषाध्यक्ष निवडताना असंच बघतो ना, कुणाचा हात कशात चांगला आहे ते.

आता आदिवासी बायकांचं बघा. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं, म्हणून इथे जरा थांबते.

सिएटल शहरात आदिवासींच्या आरोग्यावर काम करणारी एक संस्था आहे, आदिवासींनीच चालवलेली. तिने २०१८ मध्ये एक अहवाल काढला. त्यात दोन आकडे होते. २०१६ या एका वर्षात आदिवासी बायका-मुली बेपत्ता झाल्याच्या ५,७१२ तक्रारी पोलिसांच्या देशपातळीवरच्या यंत्रणेत होत्या. आणि केंद्राच्या न्याय खात्याने बेपत्ता माणसांची जी वेगळी यादी ठेवली होती, तिच्यात किती? ११६.

ताईंनो, आपल्या गटाच्या बचत वहीत ५,७१२ रुपये आणि बँकेच्या पासबुकात ११६, असं निघालं तर आपण काय करू? त्या दिवशी कुणी घरी जाईल का?

शिवाय ५,७१२ हा आकडासुद्धा पुरा नव्हताच. बऱ्याच ठिकाणी पोलिसांनी वंशाच्या रकान्यात आदिवासी बाईला गोरी लिहिलं, कुठे दुसरंच काही लिहिलं, कुठे रकाना कोराच ठेवला. म्हणजे बाई गेली ती गेलीच, वरून ती कोण होती तेही पुसलं गेलं. सरकारला विचारायला गेलं की उत्तर यायचं, असा मोठा प्रश्न असल्याचं आमच्या आकड्यांत तर दिसत नाही. दिसणार कसं? लिहिलंच नाही!

घरच्यांनी आणि संस्थांनी स्वतः याद्या केल्या, दाराला दार लावून नेत्यांना भेटल्या, तेव्हा सरकार हललं. ऑक्टोबर २०२० मध्ये दोन कायदे झाले. एकाला नाव दिलं 'सवानाचा कायदा'. नॉर्थ डकोटा राज्यातली ती २२ वर्षांची आदिवासी मुलगी, गरोदर. २०१७ मध्ये बेपत्ता झाली आणि नंतर तिचा मृतदेह नदीत सापडला. या कायद्याने नोंदी नीट ठेवणं आणि अशा प्रकरणात काय करायचं याची नियमावली करणं न्याय खात्यावर बंधनकारक केलं. दुसऱ्या कायद्याने एक आयोग नेमायचा होता. त्याची चांगली गोष्ट अशी, की त्यात नुसते अधिकारी नव्हते. अत्याचारातून वाचलेल्या बायका आणि ज्यांचं माणूस गेलं त्या घरचेही सदस्य म्हणून होते. पण कायदा झाला ऑक्टोबर २०२० ला आणि सदस्यांची नावं जाहीर झाली मे २०२२ ला. दीड वर्ष नुसतं नेमणुकीत गेलं. सरकारी काम तिकडेही तसंच.

२०२१ मध्ये डेब हालँड या आदिवासी बाई केंद्रात मंत्री झाल्या. जमिनी, जंगलं आणि आदिवासींचा कारभार बघणारं खातं त्यांच्याकडे आलं. अमेरिकेच्या मंत्रिमंडळात बसलेल्या त्या पहिल्या आदिवासी. आल्या आल्या एप्रिलमध्ये त्यांनी बेपत्ता आणि खून झालेल्या आदिवासींच्या प्रकरणांसाठी तपासाचं वेगळं पथक केलं. हुद्द्यावर कोण बसतं याने फरक पडतो, तो असा. आपल्याकडे सरपंचपदाचं महिला आरक्षण सुटल्यावर ज्या ताई 'मला कशाला' म्हणतात, त्यांनी हे घरी जाऊन एकदा आठवावं.

आणखी एक अडचण तिथे होती, हद्दीची. आदिवासींच्या राखीव प्रदेशात त्यांचे पोलीस वेगळे, राज्याचे वेगळे, केंद्राचे वेगळे. त्यात १९७८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की आदिवासींच्या न्यायालयाला बाहेरच्या, म्हणजे आदिवासी नसलेल्या माणसावर फौजदारी खटला चालवता येणार नाही. म्हणजे बाहेरचा माणूस येऊन गुन्हा करून गेला, तर त्याला धरायचं कुणी यावरच घोळ. २०१३ आणि २०२२ मध्ये कायद्यात बदल करून काही गुन्ह्यांपुरता हा अधिकार परत मिळाला, पूर्ण नाहीच.

राज्यांनीही काही केलं. मिनेसोटा राज्याने २०२१ मध्ये बेपत्ता आदिवासींसाठी आणि २०२३ मध्ये काळ्या बायका-मुलींसाठी स्वतंत्र सरकारी कार्यालय काढलं. काळ्या बायका-मुलींसाठीचं असं हे देशातलं पहिलंच कार्यालय. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून 'एबनी अलर्ट' सुरू झाला, १२ ते २५ वयाच्या बेपत्ता कृष्णवर्णीयांसाठी. आदिवासींसाठी त्याआधी एक वर्ष 'फेदर अलर्ट' आला होता. चांगलंच आहे. पण मला यात एक उणीव दिसते. एबनी अलर्ट आई-बाप थेट लावू शकत नाहीत. मागणी पोलिसांनीच करायची. म्हणजे ज्या पोलिसाने 'पळून गेली' लिहिलं, त्याच्याच टेबलावरून ती जायची. नवीन घंटा बसवली, पण दोरी जुन्याच हातात.

आता कॅनडाचं एकच सांगते, कारण ते ऐकून मला आपली एसटी आठवली. तिथे १६ नंबरचा महामार्ग आहे. प्रिन्स जॉर्ज ते प्रिन्स रुपर्ट या शहरांमधला त्याचा सुमारे ७२० किलोमीटरचा पट्टा. दोन्ही बाजूंना जंगल, मध्ये मध्ये आदिवासी वस्त्या. गाडी घ्यायला पैसे नाहीत आणि परवडणारी बस नाही. म्हणून मुली हात दाखवून अनोळखी गाड्यांत बसायच्या, दवाखान्याला, कामाला, मैत्रिणीकडे जायला. कित्येक परत आल्या नाहीत. लोक त्याला 'अश्रूंचा रस्ता' म्हणतात. २००६ मध्ये घरच्यांनी आणि संघटनांनी बैठक घेऊन लिहून दिलं, की इथे बस सुरू करा. बस सुरू झाली २०१७ मध्ये. अकरा वर्षं लागली एका बसला! मागणी किती साधी होती बघा. पुढे २०१९ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय चौकशी आयोगाने २३१ मागण्यांची यादी दिली. पण माझ्या डोक्यात ती बसच राहिली आहे. आपल्या किती मुली कॉलेज सुटल्यावर फाट्यावर उभ्या राहून वडापमध्ये बसतात, त्या तुम्हाला माहीत आहेत.

बरं, आता आपल्याकडे येऊ. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने संसदेत आकडे दिले. २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत महाराष्ट्रातून १८ वर्षांवरच्या १,७८,४०० बायका आणि १८ खालच्या १३,०३३ मुली बेपत्ता झाल्याची नोंद आहे. यातल्या पुष्कळ जणी पुढे सापडतात, हेही लक्षात ठेवा. पण सापडतात त्या नोंद झालेल्या आणि शोधलेल्या. तिकडे घरचे ओरडत होते आणि पोलीस लिहीत नव्हते. आपल्याकडे कैक वेळा घरचेच लिहू देत नाहीत. 'बदनामी होईल, धाकटीचं लग्न व्हायचंय, चार दिवस वाट बघू.' त्या चार दिवसांत मुलगी चार राज्यं ओलांडते.

म्हणून नीट ऐका. चोवीस तास थांबा असा कोणताही नियम आपल्या कायद्यात नाही. त्याच तासाला जायचं. मुलगी १८ च्या आतली असेल, तर २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे नुसती 'मिसिंग' नोंद चालत नाही, गुन्हा दाखल करावा लागतो. 'पळून गेली' म्हणून टाळता येत नाही. 'ही आमची हद्द नाही' हेही चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. याला झिरो एफआयआर म्हणतात. ऊसतोडीला, वीटभट्टीला परजिल्ह्यात गेलेल्या आपल्या बायकांसाठी हे फार कामाचं आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. नाहीच लिहून घेतलं, तर पोलीस अधीक्षकांना लेखी, पोस्टाने पाठवा आणि पोस्टाची पावती जपून ठेवा.

बाई १८ च्या वरची असेल तर बेपत्ता म्हणून नोंद होते. तिचा क्रमांक विचारून घ्या. कुणी पळवल्याचा, फसवून नेल्याचा संशय असेल तर तो तोंडी सांगून गप्प बसू नका, तक्रारीत लिहा. जाताना अलीकडचा फोटो, तिचा मोबाइल नंबर, अंगावरचे कपडे-दागिने, अंगावरची खूण, शेवटचं कुणी आणि कुठे पाहिलं, एवढं कागदावर लिहून न्या. घाईत आईला साडीचा रंगसुद्धा आठवत नाही. फोन करायचा तर ११२, लहान मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. सज्ञान बाई मारहाणीला कंटाळून स्वतःच्या मर्जीने गेली असेल, तर ती सापडल्यावर तिला ओढून परत आणणं हे आपलं काम नाही. ती सुखरूप आहे का, तिला काय हवंय, हे तिलाच विचारायचं. ग्रामसंघाने नवऱ्याच्या बाजूने पंचायत भरवायची नाही. यावर मागच्या बाजूला कुजबुज चाललीय, ती मला ऐकू येतेय. चहानंतर बोलू, मी आहे इथे.

आजचं काम एवढंच. प्रत्येक ग्रामसंघाने एक साधी वही करायची, शंभर पानी चालेल. गेल्या पाच वर्षांत गावातून बेपत्ता झालेल्या बायका-मुली, तारीख, नोंद झाली की नाही, क्रमांक काय, पुढे काय झालं. कामासाठी बाहेर नेलेल्या आणि परत न आलेल्याही त्यात घ्या. नावं बाहेर फिरवायची नाहीत, वही अध्यक्ष आणि सचिवांकडेच राहील. ज्यांची नोंदच नाही, त्या घरच्यांची तयारी असेल तर आपण पाच-सहा जणी त्यांच्याबरोबर ठाण्यात जाऊ. एकटीला पाठवायचं नाही. कोणत्या गावच्या वह्या कधीपर्यंत तयार होतील, ते आता सीआरपी ताई उभ्या राहून सांगतील आणि सचिवताई ठरावात लिहून घेतील.